पुळणीवरच्या माठाची खानेसुमारी

खानेसुमारी म्हटली म्हणजे घरांना क्रमांक लागतात, दारांवर गेरूनें आंकडे रंगविले जातात आणि मोजणारा कारकून वही घेऊन एका ओळीनें आळी चालूं लागतो. घरें जागच्या जागीं राहतात, ही गोष्ट त्यांत गृहीत धरलेली असते. माणसें जन्मतात, मरतात, परगांवीं जातात. पण आळी तीच असते, आणि म्हणूनच दहा वर्षांपूर्वींच्या आंकड्याशीं आजचा आंकडा ताडून पाहतां येतो. रानांतील दुर्मिळ झाडें मोजण्याची रीतही बहुधा अशीच आहे. जमिनीवर खुंट्या ठोकून एक चौकोन आंखावयाचा, त्यांतील रोपें मोजावयाचीं, आणि दरवर्षीं त्याच चौकोनाशीं परत यावयाचें. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र एक रोप असें आहे कीं, त्याच्यापुढें ही रीत लंगडी पडते. कारण तेथें रोप तर जागा बदलतेंच, पण ज्या जमिनीवर खुंट्या ठोकल्या ती जमीनही कधीं कधीं समुद्रांत निघून जाते. तरी तें रोप मोजणें भाग आहे. तें नामशेष होण्याच्या मार्गावर आहे कीं सावरलें आहे, याचा कायदेशीर निवाडा त्या मोजणीवरच व्हावयाचा आहे.

या रोपाचें शास्त्रीय नांव अमॅरॅंथस प्युमिलस. पहिला शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ 'न कोमेजणारें' असा होतो. दुसरा लॅटिन असून त्याचा अर्थ 'खुजें'. रॅफिनेस्क या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८०८ सालीं त्याला हें नांव दिलें. नांव परकें वाटलें तरी कूळ आपल्या स्वयंपाकघरांतलें आहे. माठ, तांदुळजा, काटेमाठ आणि उपवासाच्या लाडवांतला राजगिरा हीं सारीं याच अमॅरॅंथस घराण्यांतलीं भावंडें. राजगिरा तर मूळचा अमेरिका खंडांतलाच. तेथून तो जगभर पसरला व आपल्याकडे येऊन इतका रुळला कीं, धान्य निषिद्ध असलेल्या दिवशीं त्याला खुशाल पानांत स्थान मिळतें. तेव्हां त्याच्या या समुद्रकांठच्या रानटी भावाला 'पुळणीवरचा माठ' म्हटल्यास अन्याय होणार नाहीं. पुळण म्हणजे काय हें कोंकणांतल्या माणसास सांगावयास नको. देशावरच्या वाचकांसाठीं एवढाच खुलासा कीं, समुद्रकांठच्या वाळूच्या उघड्या पट्ट्याला तिकडे पुळण म्हणतात.

दिसावयास हें रोप कांहीं राजबिंडें नव्हे. तांबूस, मांसल देंठ वाळूवर चहूंकडे लोळत पसरलेले. त्यांच्या टोकांशीं पालकासारख्या हिरव्या रंगाचीं, अर्ध्या ते एक इंचाचीं गोलसर, जाड पानें दाटीवाटीनें बसलेलीं. आणि प्रत्येक पानाच्या टोकाला एक लहानशी खांच. ही खांच ओळखण्याची खूण होय. रोप लहान असतांना तळहाताखालीं झांकून जातें. चांगलें पोसलें तर फूटभर, आणि क्वचित् तीन फुटांहूनही अधिक पसरतें. त्याचें आयुष्य एका वर्षाचें. वसंताच्या अखेरीस व उन्हाळ्याच्या प्रारंभीं तें रुजतें, जून महिन्यापासून फुलतें, जुलै-ऑगस्टपासून बीं धरूं लागतें आणि हिवाळा आला कीं मरतें. फुलें बारीक, पानांच्या बगलेंत लपलेलीं; परागवहनाचें काम वाऱ्यावर सोंपविलेलें.

बियांची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. बीं काळें, तुळतुळीत असून राजगिऱ्याच्या दाण्याहून मोठें, सुमारें इंचाच्या दहाव्या भागाएवढें असतें. फळाची साल भुसभुशीत असल्यामुळें तें पाण्यावर तरंगतें आणि वाऱ्यानेंही लोटलें जातें. कांहीं बीं आईच्या बुडाशींच राहतें, कांहीं लाटांबरोबर दूरच्या किनाऱ्याला लागतें. वाळूच्या खोल थराखालीं गाडलें गेलेलें बीं तसेंच निजून राहतें, आणि एखाद्या वादळानें वरची वाळू खरवडून नेली म्हणजे कित्येक वर्षांनींही जागें होऊं शकतें. याचा अर्थ असा कीं, वाळूवर दिसणारीं रोपें हा या वनस्पतीच्या एकूण वस्तीचा एक भाग झाला. दुसरा भाग डोळ्यांस दिसत नाहीं, आणि कोणतीही मोजणी त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं.

त्याच्या राहण्याची जागा फार चिंचोळी आहे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याला लागून वाळूचीं लांबट बेटें माळेसारखीं पसरलेलीं आहेत. त्यांच्या समुद्राकडच्या बाजूस भरतीचें पाणी जेथवर पोंचतें ती एक रेषा, आणि वाऱ्यानें रचलेल्या वाळूच्या टेकड्यांचा पायथा ही दुसरी रेषा. या दोहोंमधली उघडी वाळू हीच त्याची वस्ती. सामान्य भरतीच्या पाण्याहून सात-आठ इंचांपासून सुमारें पांच फुटांपर्यंत उंच असलेली. त्याहून खालीं गेल्यास खारें पाणी मुळांशीं येतें, तें त्याला वाढीच्या दिवसांत मुळींच सोसत नाहीं. त्याहून वर गेल्यास गवत व झुडपें असतात, आणि शेजारीं दुसरी वनस्पति आलेलीही त्याला सोसत नाहीं. आपल्या कोंकणच्या पुळणीवर वाळू धरून ठेवण्याचें काम मर्यादवेल करते. तिचे दोर वर्षानुवर्षें वाळूवर पसरलेले असतात आणि नांवाप्रमाणें ती समुद्राला मर्यादा घालते. या माठाचा स्वभाव निराळा. त्याच्या फांद्यांतही उडती वाळू अडकते व भोंवतीं लहानसा उंचवटा तयार होतो. पण त्या उंचवट्यावर पुढें बहुवर्षायु गवताचीं मुळें रुजतात, आणि ज्यानें जागा उभी केली त्यालाच तेथून निघावें लागतें. भाडेकरूनें घर बांधावें आणि मालकानें त्याला बाहेर काढावें, तसाच हा प्रकार.

अशा रोपाला वांचवितें कोण? वादळ. मोठें वादळ आलें म्हणजे लाटा बेटावरून आरपार जातात, गवत उखडून टाकतात, टेकड्या सपाट करतात आणि नवी, कोरी वाळू पसरून ठेवतात. त्या वाळूवर पुढच्या उन्हाळ्यांत हा माठ उगवतो. मात्र तेंच वादळ बीं धरण्यापूर्वीं, भर हंगामांत आलें तर सारीं रोपें धुऊन जातात. थोडक्यांत, वादळ आलें तरी तो मरतो आणि वादळ आलें नाहीं तरीही मरतो. अशा दुहेरी पेंचांत त्यानें हजारों वर्षें काढलीं, तीं केवळ किनारा लांबच लांब व मोकळा होता म्हणून. एके ठिकाणीं उठावें व दुसरे ठिकाणीं बसावें, असा त्याचा भटक्या बिऱ्हाडाचा संसार चालत आला.

पूर्वीं मॅसॅच्युसेट्सपासून दक्षिण कॅरोलायनापर्यंत नऊ राज्यांच्या किनाऱ्यांवर तो आढळत असे. विसाव्या शतकांत एकेक राज्य गळत गेलें. न्यू जर्सींत तो १९१३ नंतर दिसला नाहीं, न्यू यॉर्कमध्यें १९५० नंतर, मेरिलंडमध्यें १९६७ नंतर. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शोध घेतला तेव्हां उत्तर व दक्षिण कॅरोलायना हीं दोनच राज्यें उरलीं होतीं. १९९० सालीं न्यू यॉर्कच्या लॉंग आयलंडवर तो चाळीस वर्षांनीं अचानक सांपडला. ॲलन वीकली व मार्क बुकर यांनीं साऱ्या किनाऱ्याची पाहणी करून १९९२ सालीं त्यावर तपशीलवार अहवाल लिहिला, आणि १९९३ सालीं अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें संकटग्रस्त जातींच्या यादींत या माठाचें नांव दाखल केलें. त्यानंतर मेरिलंडमधील ॲसाटीग बेटावर १९९८ सालीं दोन रोपें सांपडलीं. न्यू जर्सी व डेलावेअर येथें तो २००० सालीं परतला; न्यू जर्सींत तर पहिल्याच वर्षीं हजाराहून अधिक रोपें निघालीं, आणि तींही सत्याऐंशीं वर्षांच्या अंतरानें! व्हर्जिनियांत तो २००१ सालीं दिसला. इतकीं वर्षें तो होता कोठें? वाळूखालीं निजला होता, कीं समुद्रावरून दुसऱ्या किनाऱ्याहून आला? दोन्ही गोष्टी संभवनीय आहेत, आणि उगवलेल्या रोपाकडे पाहून त्यांतली कोणती घडली हें ओळखतां येत नाहीं.

आतां मोजणीकडे वळावें. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या प्रारंभापर्यंत दरवर्षीं ठरलेल्या किनाऱ्यांवर माणसें पायीं फिरतात. याआधीं निघाल्यास रोपें नखाएवढीं असतात, आणि त्याच वाळूवर लोळणाऱ्या दुधीसारख्या इतर रोपट्यांशीं त्यांची गल्लत होते. फार उशीर केल्यास वादळांचा हंगाम अंगावर येतो, अथवा पानांभोंवतीं जाळें विणणाऱ्या अळ्या रोपाचे नुसते देंठ शिल्लक ठेवतात. भरतीची रेषा ते टेकडीचा पायथा एवढी रुंदी दोन-तीन जणांनीं आपसांत वांटून घ्यावयाची आणि नजर खालीं ठेवून समांतर चालावयाचें. ऑगस्टच्या उन्हांत तापलेल्या वाळूंतून असे मैलच्या मैल चालणें हें वाचण्याइतकें सोपें नाहीं. रोप दिसलें कीं थांबावयाचें, आपलें पाऊल दुसऱ्या रोपावर पडत नाहीं ना हें पाहावयाचें, आणि जी. पी. एस. नांवाच्या हातांत मावणाऱ्या यंत्रानें त्या जागेची नोंद करावयाची. रोपाचा घेर मोजतात, कारण मोठें रोप लहानाहून कितीतरी पट अधिक बीं धरतें. हाताएवढीं शंभर रोपें आणि बोटाएवढीं शंभर रोपें यांचा आंकडा एकच असला तरी पुढील वर्षाची आशा सारखी नसते. अळी लागली आहे काय, चाकांच्या खुणा जवळून गेल्या आहेत काय, गवत किती अंतरावर आहे, हेंही वहींत उतरतें. नव्या मोजणाराला आणखी एक गोष्ट आरंभींच शिकवावी लागते. ज्या किनाऱ्यावर एकही रोप मिळालें नाहीं, तो किनारा चालून पाहिला व कांहीं मिळालें नाहीं, अशी नोंद झालीच पाहिजे. 'चालून पाहिला, शून्य' आणि 'पाहिलाच नाहीं' यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पण वहींतली रिकामी जागा दोहोंची सारखीच दिसते. शिवाय यंदां पन्नास मैल पाहिले व गेल्या वर्षीं वीसच पाहिले असतील, तर वाढलेली संख्या रोपांची कीं चालणारांच्या पायांची, हा प्रश्न उरतोच.

इतकी काळजी घेऊन हातीं आलेले आंकडे पाहिले तर माणूस चक्रावून जातो. दक्षिण कॅरोलायनांत १९८८ सालीं सुमारें १,८०० रोपें मोजलीं होतीं. सप्टेंबर १९८९ मध्यें ह्यूगो नांवाचें चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळलें. १९९० च्या मोजणींत उरलीं १८८. उलट न्यू यॉर्कमध्यें १९९० पूर्वीं चाळीस वर्षें ज्याचा मागमूस नव्हता, तो माठ २००० सालाच्या सुमारास लाखाच्या वर गेला. आणि पुढील कांहीं वर्षांतच ती संख्या लाखाच्या कितीतरी खालीं आली. उत्तर कॅरोलायनांतील केप हॅटरास येथील राष्ट्रीय सागरकिनाऱ्यावर २००५ नंतर अनेक वर्षें एकही रोप मिळालें नाहीं. वाघ किंवा गेंडा यांच्या बाबतींत असे आंकडे आले असते तर एका वर्षीं शोकसभा आणि दुसऱ्या वर्षीं सत्कार करावा लागला असता. येथें दोन्ही घाईचे ठरतील. शून्य आलें म्हणून तो तेथून कायमचा गेला असें होत नाहीं, कारण बीं वाळूखालीं असूं शकतें. लाख आले म्हणून तो सुरक्षित झाला असेंही होत नाहीं, कारण तीं लाख रोपें थोड्याच किनाऱ्यांवर एकवटलेलीं असल्यास हंगामांतील एक वादळ पुरे होतें. एका वर्षाचा आंकडा वर्तमानपत्रास मथळा देईल. त्यावरून निर्णय घेणें धोक्याचें आहे. दहा-वीस वर्षांचे आंकडे, आणि तेही किनाऱ्यामागून किनारा असे मांडले, म्हणजेच त्यांतून कांहीं अर्थ निघूं लागतो.

तो अर्थ असा कीं, या माठाचें भवितव्य त्याच्या डोईमोजणीपेक्षां मोकळ्या पुळणीच्या लांबीवर अवलंबून आहे. त्याचा खरा वैरी वादळ नव्हे, भिंत होय. किनाऱ्याला लागून घरें व हॉटेलें उभीं राहिलीं कीं त्यांच्या रक्षणासाठीं दगडी वा काँक्रीटचे बांध येतात. समुद्र पुढें सरकतो, पण बांध मागें सरत नाहीं. मधली वाळू निघून जाते, आणि भरतीचें पाणी थेट भिंतीला लागतें. मग माठाच्या दोन रेषांमधली जागा उरतच नाहीं. उत्तर कॅरोलायना राज्यानें १९८५ सालापासून, कांहीं अपवाद सोडल्यास, खुल्या समुद्राच्या किनाऱ्यावर असे पक्के बांध घालण्यास बंदी केली. माठ ज्या दोन राज्यांत टिकून राहिला त्यांपैकीं तें एक, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. दुसरा उपाय म्हणजे समुद्रतळाची वाळू उपसून किनाऱ्यावर ओतणें. त्यानें नवी पुळण मिळते हें खरें, पण हंगामांत ओतल्यास रोपें त्याखालीं गाडलीं जातात. म्हणजे तीच वाळू जानेवारींत ओतली तर उपकार आणि जुलैंत ओतली तर अपकार!

याखेरीज लहानसहान उपद्रव आहेतच. वाळूवर हौसेनें मोटारी हांकणारे आहेत. प्रवाशांना पुळण स्वच्छ दिसावी म्हणून दंताळ्यांचीं यंत्रें फिरविणाऱ्या नगरसंस्था आहेत. त्या यंत्रांना कचरा आणि माठ यांतला भेद कळत नाहीं. आणि एक उपद्रव तर सद्हेतूनें आणलेला आहे. वाळू धरून ठेवावी म्हणून १९८० च्या दशकांत कॅरोलायनांच्या किनाऱ्यांवर पूर्व आशियांतून एक सरपटणारें झुडुप आणून लावलें. तें आपल्या निर्गुडीच्या घराण्यांतलें. त्यानें वाळू तर धरली, पण इतकी घट्ट धरली कीं, दुसऱ्या कोणालाही तेथें पाय ठेवावयास जागा राहिली नाहीं. तें उपटून काढण्यासाठीं पुढें मोहिमा काढाव्या लागल्या.

संरक्षणाची तऱ्हाही मौजेची आहे. अमेरिकन कायद्यांत प्राण्याला जें संरक्षण मिळतें तें सारें वनस्पतीला मिळत नाहीं. खासगी जमिनीवरील रोप धन्यानें उपटलें तर मध्यवर्ती कायदा बहुधा त्याच्या आड येत नाहीं. माठाला आधार मिळाला तो एका पांखराचा. पायपिंग प्लोव्हर नांवाचा, आपल्या चिखल्याच्या जातीचा इवलासा पक्षी त्याच उघड्या वाळूवर अंडीं घालतो, आणि १९८६ पासून त्याला कायद्याचें संरक्षण आहे. त्याच्या घरट्यांसाठीं किनाऱ्यावर खुंट पुरून दोरी बांधतात व पाट्या लावतात. त्या दोरीच्या आंत माठही निर्धास्त वाढतो. अडचण एवढीच कीं, पिलें उडालीं म्हणजे ऑगस्टमध्यें पक्ष्याचें काम संपतें, आणि माठाचें तर तेव्हां कोठें बीं धरूं लागलेलें असतें. त्याच आठवड्यांत दोरी सोडून यंत्रें फिरविलीं, तर वर्षभराची राखण फुकट जाते. म्हणून मोजणी करणारांच्या वहीचा एक अगदीं व्यवहारी उपयोग होतो. कोणत्या किनाऱ्यावर दोरी आणखी दोन-तीन महिने राहूं द्यावी, हें त्या वहींतून ठरतें.

ॲसाटीग बेटावर तर दोन रोपांपासून पुनः संसार मांडण्याचा प्रयत्न झाला. मूळ रोपांपासून कांचगृहांत नवीं रोपें वाढवून २००० ते २००२ या वर्षांत तीं वाळूंत लाविलीं. त्या बेटावर मोकाट घोडे व हरणें पुष्कळ. माठाची भाजी माणसालाच आवडते असें नाहीं. म्हणून कांहीं रोपांवर जाळीचे पिंजरे ठेवावे लागले.

सरकारनें १९९६ सालीं या माठाच्या उद्धाराची जी योजना लिहिली, तींत त्याचें नांव यादींतून केव्हां काढतां येईल याची अट घातली आहे. पूर्वींच्या नऊ राज्यांपैकीं निदान सहा राज्यांत तो असला पाहिजे. आणि प्रत्येक राज्यांत त्याला राहण्याजोग्या जागांपैकीं निदान शेंकडा ७५ जागांवर तो सलग दहा वर्षें आढळला पाहिजे. त्याचें नांव अजून यादींतच आहे. अटींत किती हजार वा किती लाख रोपें हवींत याचा उल्लेख नाहीं, हें योग्यच झालें. पण तिनें मोजणाराचें काम दुप्पट केलें आहे. शेंकडा ७५ काढावयाचे तर आधीं शंभर कोणते हें ठरलें पाहिजे. आणि राहण्याजोगी जागा कोणती, हें तर समुद्र दरवर्षीं नव्यानें ठरवितो. गेल्या वर्षीं जेथें सपाट वाळू होती तेथें यंदां गवत असतें, आणि जेथें टेकडी होती तेथें खाडीचें तोंड फुटलेलें असतें. तेव्हां दर उन्हाळ्यांत माठ शोधावयास निघालेली माणसें आधीं पुळणीचा नवा नकाशा काढतात, माठ नसलेली पण त्याला चालण्याजोगी वाळू वेगळी मोजतात, आणि मग वाकून पानाच्या टोकाची खांच पाहूं लागतात.